जुना पिकअप थरथरतो? पाना उचलण्याआधी एवढं करा

पिकअपला वय झालं की तो थोडाफार खडखडणारच. पाटे (लीफ स्प्रिंग), रिकामा हौदा, झिजलेली रबरं सगळी मिळून आवाज करतात आणि चालवणाऱ्याला त्याची सवय होते. पण ठरावीक वेगाला स्टीअरिंग थरथरायला लागलं, पाय बधिर करणारी गुणगुण सीटमधून येऊ लागली किंवा जागेवरून उठताना मागून हादरे बसू लागले, तर ते वयावर ढकलून चालत नाही. काहीतरी सैल झालेलं असतं, झिजलेलं असतं किंवा चुकीच्या कोनात बसलेलं असतं.

अशा वेळी बहुतेक जण अंदाजाने भाग बदलत सुटतात. आधी बॅलन्सिंग, मग दोन टायर, मग क्रॉस (शाफ्टचे सांधे), शेवटी इंजिनाची माउंटिंग (इंजिन ज्यांवर बसतं ती रबरं). कधीतरी बाण लागतो, पण तोवर बरेच चांगले भाग उगाच भंगारात गेलेले असतात. थरथर कशाबरोबर फिरते हे कळेपर्यंत एकही नट सैल करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण सततची, तालात येणारी थरथर जवळजवळ नेहमी फिरणाऱ्या भागातून येते आणि पिकअपमध्ये फिरणाऱ्या भागांचे गट तीनच. टायर, रिम, हब, डिस्क, ड्रम हे चाकाच्या वेगाने फिरतात. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत जाणारा दांडा), त्याचे क्रॉस, त्याला मधे आधार देणारं सेंटर बेअरिंग आणि पिनियन (डिफरन्शिअलमध्ये शिरणारा दातेरी भाग) हे शाफ्टच्या वेगाने. क्रँक, फ्लायव्हील, क्लच, पंखा, पट्ट्यावरच्या पुल्या यांची चाल इंजिनाशी बांधलेली. बुश, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, माउंटिंग हे भाग स्वतः फिरत नाहीत. ते खराब झाले की दुसरीकडे जन्मलेली थरथर वाढवतात किंवा केबिनमध्ये येऊ देतात. म्हणून तुमची थरथर कोणत्या गटातली, हे ठरवलं की दोनतृतीयांश गाडी संशयातून सुटते.

निघण्याआधी

रस्त्यावर जायच्या आधी एक फेरी गाडीभोवती मारा. थंड टायरमध्ये हवा भरा. रिकामा पिकअप चालवणार असाल तर मागच्या टायरांत भरल्या मालाची हवा ठेवू नका, नाहीतर मागची बाजू नुसती उड्या मारेल आणि ती थरथर वाटेल. टायरच्या दोन्ही कडा बघा, आतली कडही, कारण फुगा बऱ्याचदा आतल्या बाजूला येतो. फुगा दिसला तर चाचणी तिथेच संपली. तो टायर आधी काढायचा.

रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल असेल तर खरवडून काढा. हास्यास्पद वाटतं, पण शेतातून किंवा खाणीतून आलेल्या गाडीत नेमकं हेच सापडतं. सगळे व्हील नट टॉर्क पान्याने तपासा. नटच सैल असताना पुढच्या चाचण्यांना अर्थ नाही, धोका मात्र आहे.

टायरचं वयही बघून घ्या. बाजूवर डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला, असं नसतं. आतला पट्टा सुटलेला टायर बाहेरून धडधाकट दिसू शकतो.

रस्त्यावरची चाचणी

सरळ, सपाट, मोकळा रस्ता हवा आणि शेजारी लिहून घेणारं कुणीतरी हवं. चालवणाऱ्याने टिपणं करायची नाहीत. पहिले काही किलोमीटर नुसतेच चालवा. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर खालून चपटे झालेले असतात आणि गरम झाले की पुन्हा गोल होतात. थरथर त्यात गेली तर दोष सापडला, खर्च शून्य.

आता वेग सावकाश वाढवत न्या. थरथर कोणत्या वेगाला सुरू होते, कुठे सर्वात जास्त असते आणि पुढे कमी होते का, हे तिन्ही लिहायचं. ती कुठे जाणवते तेही लिहा. स्टीअरिंगमध्ये असेल तर संशय पुढच्या चाकांवर. सीटमध्ये आणि पायाखाली असेल तर मागची चाकं किंवा शाफ्ट. गिअरच्या दांड्यात आणि ब्रेक-क्लचच्या पेडलांत असेल तर इंजिन-गिअरबॉक्सची बाजू. हा ढोबळ नियम आहे, निकाल नव्हे.

निकाल पुढच्या तीन चाचण्यांतून मिळतो.

पहिली न्यूट्रलची. थरथर सर्वात जास्त असते त्या वेगाच्या थोडं वर जा, गिअर न्यूट्रलमध्ये घ्या आणि इंजिन आयडलवर येऊ द्या. किल्ली बंद करायची नाही. स्टीअरिंग लॉक होऊ शकतं आणि ब्रेकची मदतही जाते. गाडी नुसती घरंगळत त्या वेगातून खाली येईल. थरथर तशीच राहिली तर इंजिन आणि क्लच निर्दोष. दोष चाकांत किंवा शाफ्टमध्ये. थरथर एकदम गायब झाली तर एकतर इंजिनाचा दोष आहे किंवा ओढ पडल्यावरच उमटणारा शाफ्टचा.

दुसरी गिअर बदलण्याची. वेग तोच ठेवा, गिअर एक खाली घ्या. इंजिनाचे फेरे वाढले, चाकांचे तेवढेच राहिले. थरथरीचा वेग बदलला तर ती इंजिनाबरोबर फिरते. तशीच राहिली तर नाही. इथे जुन्या गाड्यांचा एक सापळा आहे. पाच गिअरच्या बहुतेक मागच्या-चाक-चालित पिकअपमध्ये चौथा गिअर थेट असतो, म्हणजे त्या गिअरमध्ये इंजिन आणि प्रोपेलर शाफ्ट अगदी एकाच वेगाने फिरतात. फक्त चौथ्यात चाचणी घेतली तर दोघांना वेगळं करताच येत नाही. तिसऱ्यात आणि पाचव्यातही घेऊन बघायलाच हवी.

तिसरी ओढीची. एकाच वेगाला आधी अ‍ॅक्सिलरेटर दाबून, मग पाय अर्धवट ठेवून, मग पूर्ण सोडून बघा. टायरच्या असंतुलनाला तुमच्या पायाशी देणंघेणं नसतं, ते तिन्ही वेळा सारखंच थरथरतं. क्रॉस, पिनियनचा कोन, सेंटर बेअरिंग, माउंटिंग यांचे दोष मात्र ओढ बदलली की बदलतात.

गाडी उभी असताना हँडब्रेक लावून, न्यूट्रलमध्ये, इंजिन हळूहळू त्याच फेऱ्यांपर्यंत नेऊन बघायचं राहू देऊ नका. उभ्यानेही थरथरली तर चाकांखाली घुसायची गरज नाही. उभ्याने नाही थरथरली, तरी इंजिन पूर्ण सुटलं असं मात्र समजू नका, कारण उभ्या गाडीत त्याच्यावर ओझं नसतं.

शेवटी, पिकअपसाठी खास: हीच फेरी एकदा हौद्यात ठरलेल्या मर्यादेतला माल टाकून मारा. मालाने मागचे पाटे दबतात आणि शाफ्टचे कोन बदलतात. रिकामी असताना थरथरणारी गाडी भरल्यावर गप्प होत असेल, किंवा उलट, तर टायरवाल्याकडे जाण्यात अर्थ नाही. दोष कोनांत आहे.

थोडी आकडेमोड

ज्यांच्या हाताशी टॅकोमीटर आणि फोन आहे त्यांनी हे करावं, बाकीच्यांनी पुढे जावं. टायरला खडूची खूण करून गाडी एक पूर्ण फेरा ढकला आणि जमिनीवरचं अंतर मोजा. ते २.२ मीटर आलं असं धरू. ताशी ८० किमी म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला साधारण १० फेरे. मागच्या डिफरन्शिअलचं प्रमाण ४.१ असेल तर शाफ्टचे ४१ फेरे. झिजलेला किंवा चुकीच्या कोनातला क्रॉस एका फेऱ्यात दोनदा झटका देतो, म्हणजे सेकंदाला ८२.

अंगाला हे फरक कळतात. सेकंदाला १० च्या आसपासची थरथर डोळ्यांना दिसते, स्टीअरिंग हलतं, बाटलीतलं पाणी हिंदकळतं. ४० ची थरथर दिसत नाही, तळव्यांना आणि मांड्यांना मुंग्या आल्यासारखी लागते. ८० च्या पुढची अंगापेक्षा कानाला जास्त कळते, बंद केबिनमध्ये घुमते. फोनमध्ये कंपनं मोजणारं अ‍ॅप असेल तर फोन सीटच्या पट्टीवर पक्का बसवून आकडा घ्या आणि या हिशेबाशी ताडून बघा. खालच्या आकड्यांना फोन चांगला साथ देतो. वरच्यांसाठी त्याच्यावर फार विसंबू नका.

चाकाची थरथर असेल तर

असंतुलनाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, तर जोर चौपट. म्हणून ताशी ४० किमीला काहीच न जाणवणारी गाडी ताशी ८० ला थरथरते. याउलट ताशी १५ ते ३० किमीच्या वेगालाच चाक डुगडुगत असेल तर ते बॅलन्सिंगने जाणार नाही. टायरचा पट्टा सुटलाय किंवा रिम वाकलीय.

पुढची चाकं मागे आणि मागची पुढे घालून पुन्हा फेरी मारा. स्टीअरिंगमधली थरथर सीटमध्ये गेली तर दोष चाकांबरोबर गेला. तिथेच राहिली तर हब, डिस्क किंवा स्टीअरिंगच्या सांध्यांत बघायचं. चाकं काढलेलीच असतात तर हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा. गंजाच्या पापुद्र्यावर बसलेलं चाक किंचित तिरकं फिरतं आणि बॅलन्सिंगच्या मशिनवर ते कधीच सापडत नाही. नट आवळताना समोरासमोरचे घ्या, ओळीने नको.

मग जॅक. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून काम करायचं नाही. घोड्या (जॅक स्टँड) लावा, उरलेल्या चाकांना ठोकळे लावा. चाक हाताने फिरवून टायरजवळ एखादी स्थिर वस्तू धरली की टायर किती वरखाली होतो ते दिसतं. एक-दीड मिलिमीटरपलीकडचा फरक संशयास्पद. आता चाक वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. दोन्हींतला फरक ओळखायला सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन. डाव्या-उजव्या बाजूने धरून हलवल्यावर खेळ असेल तर टाय रॉड एंड बघा.

बेअरिंग रस्त्यावरही बोलतं. डावीकडच्या लांब वळणावर वजन उजव्या चाकांवर जातं. तेव्हा घरघर वाढली तर उजवीकडचं बेअरिंग तपासा.

टायरच्या नक्षीवर हात फिरवा. ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखी झीज म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर मेलेले. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धारदार लागत असेल तर अलाइनमेंट गेलेलं. अशा टायरवर कितीही बॅलन्सिंग करा, तो थरथरणारच.

शाफ्टची थरथर असेल तर

जुन्या पिकअपमध्ये सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, कारण गॅरेजमध्ये सगळ्यात कमी वेळ इथेच दिला जातो. गाडी सपाट जागी उभी करा, चारही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, गिअर न्यूट्रलमध्ये घ्या आणि मगच खाली जा. इंजिन गार आणि बंद.

प्रत्येक क्रॉसच्या दोन्ही बाजूंना हात धरून उलटसुलट पिळा, मग वरखाली ढकला. खेळ अजिबात नको. कपांच्या (क्रॉसच्या चार टोकांवरच्या टोपणांच्या) कडेला तांबूस भुकटी दिसली तर आतल्या सुया (बेअरिंगच्या बारीक सळ्या) कोरड्या पडून गंजल्यात, ग्रीस भरून त्या परत येणार नाहीत. हळू वेगात चिमणीसारखी चिवचिव येत असेल तर तीही याचीच खूण. ग्रीस निप्पल असेल तर चारही कपांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा. तीनच कपांतून आलं तर चौथा बुजलेला आहे आणि तोच आधी जाणार.

खेळ नसलेला क्रॉसही खराब असू शकतो. शाफ्ट उतरवल्यावर सांधा हाताने हलवून बघा. मधोमध आल्यावर खाचेत अडकल्यासारखा वाटला तर सुयांनी घर कोरलंय. तो बदलायचा.

दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर सेंटर बेअरिंग बघा. त्याचं रबर फाटलं की जागेवरून उठताना शाफ्ट उसळतो, खालून धडधड येते आणि वेग पकडला की ती विरते. बरेच लोक याला क्लचचा दोष समजतात. पहारीने शाफ्ट हलकेच वर उचलून बघा. रबर चिरलेलं असेल तर लगेच तोंड उघडतं.

शाफ्टच्या नळीवर पोचा आहे का, डांबर किंवा चिखलाचा थर आहे का, आणि वेल्डिंगचे दोन ठिपके असलेली एखादी चौकोनी मोकळी जागा आहे का, ते पाहा. अशी जागा दिसली तर तिथे बॅलन्सचा तुकडा होता आणि तो गळून पडलाय.

शाफ्ट उतरवायच्या आधी प्रत्येक जोडावर रंगाने खुणा करा. सरकत्या स्प्लाइनवर, पिनियनच्या फ्लँजवर, सगळीकडे. क्रॉस कोनात फिरत असताना त्याच्या पलीकडचा भाग एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे राहतो. दुसरा क्रॉस ती चूक भरून काढतो, पण दोन्ही योक (क्रॉस धरणारे दुबेळके) कारखान्यात ठरलेल्या स्थितीत असतील तरच. एक दाता इकडेतिकडे झाला की नवे कोरे क्रॉस टाकूनही गाडी थरथरते. ‘क्रॉस बदलल्यापासून थरथरायला लागली’ ही तक्रार ऐकली की आधी हेच बघावं.

उरले कोन. अंश मोजणारं साधन किंवा फोन गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजला, शाफ्टच्या नळीला आणि पिनियनच्या फ्लँजला लावून तीन आकडे घ्या. शेजारशेजारच्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्या सांध्याचा कोन. समजा गिअरबॉक्स मागे ३ अंश उतरता आहे, शाफ्ट ५ आणि पिनियन पुन्हा ३. दोन्ही सांध्यांवर २ अंश, दोन्ही एकमेकांना खोडतात, उत्तम. पिनियन ५.५ असेल तर मागच्या सांध्यावर फक्त अर्धा अंश राहतो, हिशेब जुळत नाही आणि थरथर येते. एकसंध शाफ्टला प्रत्येक सांध्यावर साधारण १ ते ३ अंश आणि दोन्हींत एका अंशाहून कमी फरक असावा. शून्य अंशही नको, सुया जागच्या जागी राहून घर कोरतात. गिअरबॉक्सकडे जोडक्रॉस (एकाला लागून एक असे दोन क्रॉस) असलेल्या शाफ्टला हा नियम लागत नाही, तिथे पिनियनचं तोंड जवळपास शाफ्टच्या रेषेतच ठेवतात.

कोन बिघडतात ते दबलेल्या पाट्यांमुळे, झिजलेल्या शॅकल बुशमुळे, बसलेल्या गिअरबॉक्स माउंटिंगमुळे किंवा कुणीतरी गाडी उंच केल्यामुळे. सैल यू-बोल्टने अ‍ॅक्सल पाट्यावर फिरतो आणि ओढ दिली की पिनियनचं तोंड वर जातं. मोजमाप घेताना वजन चाकांवरच असावं. अ‍ॅक्सल लोंबकळत ठेवून घेतलेले आकडे निरुपयोगी. आणि मागची चाकं अधांतरी ठेवून गिअरमध्ये इंजिन चालवत खाली डोकावण्याचा प्रकार करू नका. गाडी घोडीवरून सरकली तर पळायला जागा नसते.

चारही चाकांना ओढ असलेल्या (फोर-व्हील-ड्राइव्ह) गाडीत पुढच्या हबचे लॉक मोकळे करून एक फेरी मारा. थरथर गेली तर पुढचा शाफ्ट किंवा पुढचा अ‍ॅक्सल.

इंजिन, क्लच, ब्रेक

आयडलला हादरते आणि थोडे फेरे वाढवले की शांत होते, अशा गाडीत इंजिनाची माउंटिंग बघा किंवा एखादा सिलिंडर काम करत नाही का ते पाहा. पट्ट्यावरच्या वस्तूंचा संशय असेल तर गार इंजिनाचा पट्टा काढून अगदी थोडा वेळ चालवून बघा, कारण बऱ्याच इंजिनांत वॉटर पंपही त्याच पट्ट्यावर असतो. पंख्याचं एक पातं तुटलेलं असलं तरी इंजिनभर थरथर येते.

पहिल्या आणि रिव्हर्स गिअरमध्ये उठतानाच थरथर, नंतर काही नाही, तर क्लच प्लेटवर तेल, फ्लायव्हीलवर जळके डाग किंवा सैल माउंटिंग. सेंटर बेअरिंग आधी तपासलेलं असलं म्हणजे झालं. ऑटोमॅटिक गाडी मध्यम वेगाला, हलक्या ओढीवर, खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी काही क्षण थरथरत असेल तर डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा. थरथर त्याच क्षणी थांबली तर टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जोडणाऱ्या भागाचं) लॉक घसरतंय. आधी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाची अवस्था बघा.

ब्रेक दाबल्यावरच थरथरते, तर डिस्क वाकली असं सरसकट म्हणतात. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी नसते. ०.०२ ते ०.०३ मिलिमीटरचा फरकही पुरतो, म्हणून डोळ्यांनी नव्हे तर मायक्रोमीटरने सात-आठ जागी मोजा. थरथर पेडल आणि सीटमध्ये असेल तर मागचे ड्रम. मोकळ्या जागी, कमी वेगात, बटण दाबून धरून हँडब्रेक हलकेच ओढला तर फक्त मागचे ब्रेक लागतात आणि खात्री होते. पण काही जुन्या गाड्यांचा हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर असतो. तिथे ही चाचणी चालत्या गाडीत करायची नाही.

स्टीअरिंग हातातून निसटू पाहत असेल तर

पुढे सलग अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर) असलेल्या पिकअपमध्ये एखाद्या खड्ड्यावरून गेल्यावर स्टीअरिंग एकाएकी दोन्ही बाजूंना जोरजोराने आपटू लागतं आणि वेग कमी केल्याशिवाय थांबत नाही. हे असंतुलन नव्हे. सांध्यांतला सैलपणा आणि चाकांचं डुगडुगणं एकमेकांना खतपाणी घालतात. स्टीअरिंग पक्कं धरा, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सोडा, वेग हळूहळू उतरू द्या. पॅनहार्ड रॉडचे (अ‍ॅक्सलला बाजूला सरकू न देणाऱ्या आडव्या दांड्याचे) बुश आणि बोल्टची भोकं, टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, स्टीअरिंग बॉक्सचे बोल्ट हे सगळं तपासा. इंजिन चालू, गाडी उभी, सोबती स्टीअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवतोय आणि तुम्ही बाजूला बसून प्रत्येक सांधा बघताय, ही सर्वात चांगली पद्धत. नवीन स्टीअरिंग डॅम्पर (स्टीअरिंगचे हादरे शोषणारा छोटा शॉक अ‍ॅब्सॉर्बर) लावून हे दडपता येतं, बरं करता येत नाही.

दुरुस्तीनंतर

जुन्या गाडीत दोष एकटा नसतो. म्हणून एकावेळी एकच दुरुस्ती करा आणि पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच हवेच्या दाबाने, तेवढ्याच मालासह फेरी मारा. जुनी टिपणं समोर ठेवा. थरथर ताशी ८० किमीवरून ९५ ला सरकली असेल तर काम फुकट गेलं असं नाही, एक दोष गेला आणि दुसरा आता दिसू लागला. सगळं फिरणारं तपासून झालं आणि तरी गुणगुण उरली, तर सायलेन्सरचा पाइप कुठे चॅसीला टेकतोय का, केबिनखालची रबरं चेपलीत का, हौद्याचे बोल्ट सैल आहेत का, हे बघा. चॅसीच्या जोडांवर तडा शोधायलाही हीच वेळ. चाकं किंवा पाटे उघडले असतील तर साधारण १०० किमी चालवल्यावर व्हील नट आणि यू-बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने आवळून घ्या.